पडद्यावरील पाठ आणि पाड्यावरील पाठ

(आरोग्य प्रशिक्षकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आरोग्यशिक्षणाच्या क्षेत्रात अलीकडे 'मिश्र अध्ययन' हा शब्द रूढ झाला आहे. इंग्रजीत त्यास 'ब्लेंडेड लर्निंग' म्हणतात. अभ्यासक्रमाचा काही भाग संगणकाच्या वा मोबाइलच्या पडद्यावर शिकावयाचा आणि उर्वरित भाग शिक्षक व रुग्ण यांच्या प्रत्यक्ष सान्निध्यात आत्मसात करावयाचा, अशी ही पद्धती आहे. २०२० साली कोविडच्या साथीमुळे जगभर महाविद्यालये बंद पडली आणि पडद्यावरील शिक्षणाचा भाग एकाएकी वाढला. जागतिक आरोग्य हा विषय शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना या पद्धतीचा काय अनुभव येतो, हे त्यांचा एक शिक्षक या नात्याने मी आपणांपुढे ठेवणार आहे.

दूरचे जवळ आले

या पद्धतीचे लाभ निर्विवाद आहेत. आमच्या वर्गात भारतातील सायंकाळी सहा वाजता नैरोबीची परिचारिका बसते, तेव्हा तिच्याकडे दुपारचे साडेतीन वाजलेले असतात. काठमांडूचा डॉक्टर आणि आपल्या डोंगराळ तालुक्यातील आरोग्यसेविका त्याच वर्गात असतात. नोकरी न सोडता, घर न सोडता त्यांना शिकता येते. अतिसाराचा पाठ चालू असता तीन देशांतील पाण्याची स्थिती तिघांच्या तोंडून ऐकावयास मिळते. कोणत्याही एका पाठ्यपुस्तकात हे सापडणार नाही.

माझी चूक

परंतु एक गोष्ट मला उशिरा समजली. वर उल्लेखिलेल्या आरोग्यसेविकेचे चित्र पडद्यावर कधी दिसत नसे. तिचा आवाज तुटत असे आणि काही तास ती वर्गात नसेच. मी तिच्या नावापुढे 'अनास्था' असा शेरा लिहिला. पुढे कळले की घरात मोबाइल एकच होता आणि तो मुलांच्या शाळेसाठीही लागे. संपर्क मिळावा म्हणून ती गावाबाहेरच्या टेकाडावर जाऊन बसे आणि खर्च वाचविण्यासाठी चित्र बंद ठेवून केवळ ऐकत असे. मी ज्याला अनास्था म्हटले, ते वस्तुतः कष्ट होते. तो शेरा मी खोडला. मात्र असे शेरे अन्यत्रही लिहिले जात असतील, याची जाणीव शिक्षकांनी ठेवली पाहिजे.

श्वासांची मोजणी

अभ्यासक्रमाच्या अखेरीस दोन आठवड्यांचे क्षेत्रकार्य होते. बालकांतील न्यूमोनिया ओळखण्याची रीत सर्वांनी पडद्यावर शिकली होती. दोन महिन्यांखालील बालकाचे मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षे या वयात ४० किंवा अधिक श्वास म्हणजे जलद श्वसन होय. हे आकडे सर्वांना मुखोद्गत होते. परीक्षेत सर्व उत्तीर्ण झाले होते.

एका पाड्यावर खोकला झालेले दहा महिन्यांचे मूल पुढे आले. परीक्षेत पहिला आलेल्या विद्यार्थ्याने दुपट्यावरूनच श्वास मोजले आणि ४२ हा आकडा सांगितला. त्यावरून भय नव्हते. आरोग्यसेविकेने मुलाला आईच्या मांडीवर राहू दिले, ते शांत होईपर्यंत वाट पाहिली, अंगावरील कपडा वर केला आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजले. आकडा ५४ आला. मुलाला त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात नेण्यात आले आणि औषधोपचार सुरू झाला. त्या रात्री तो विद्यार्थी मला म्हणाला, "सर, आकडा पाठ होता, छाती पाहिली नव्हती." उरलेले दिवस तो आरोग्यसेविकेच्या हाताखाली शिकला.

अनुभवाचा आधार

अर्थात पडद्यास दोष देणे योग्य नव्हे. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ साली 'प्रोजेक्ट एको' हा उपक्रम आरंभिला. ग्रामीण दवाखान्यांतील डॉक्टर आपापले हिपॅटायटिस-सीचे रुग्ण दूरचित्रसंवादाद्वारे तज्ज्ञांपुढे मांडत व सल्ल्यानुसार स्वतः उपचार करीत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ४०७ रुग्णांच्या अभ्यासात विद्यापीठाच्या रुग्णालयातील यश ५७.५ टक्के, तर ग्रामीण केंद्रे व तुरुंग येथील यश ५८.२ टक्के आढळले. येथे पाठ पडद्यावर होता, पण रुग्ण शिकणाऱ्याच्या समोर होता.

आपल्या महाराष्ट्रातही या विचाराचे मूळ जुने आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेड येथे कार्य सुरू केले. तेथील ग्राम आरोग्यसेविका, ज्यांतील अनेक निरक्षर होत्या, केंद्रात शिकत आणि गावी परतून तेच ज्ञान आचरणात आणीत. पुन्हा केंद्रात येताना गावातील अडचणी सोबत आणीत. शिकणे आणि करणे यांचा असा सांधा जेथे जुळतो, तेथेच मिश्र अध्ययन सफल होते. त्यात पडदा असो वा नसो.

आपले कर्तव्य

म्हणून तीन सूचना करतो. अधिकाऱ्यांनी क्षेत्रकार्याचे दिवस खर्चाच्या वा सोयीच्या कारणास्तव कमी करू नयेत. शिक्षकांनी केवळ पडद्यावरील उपस्थितीवरून विद्यार्थ्याची पारख करू नये. प्रत्यक्ष कौशल्याची परीक्षा रुग्णासमोर घ्यावी. आणि ग्रामपंचायत सदस्यांना माझी विनंती आहे, की आपल्या गावातील आरोग्यसेविका, आशा कार्यकर्ती वा परिचारिका असा एखादा अभ्यासक्रम शिकत असेल, तर ग्रामपंचायत कार्यालयातील एक खोली, वीज आणि इंटरनेटची जोडणी तिला ठरावीक वेळी उपलब्ध करून द्यावी. यास फार मोठा निधी लागत नाही. तिला टेकाडावर बसावे लागू नये, एवढी व्यवस्था आपण निश्चित करू शकतो.