धनजच्या पटांगणात पिकलबॉल

१९६५ साली अमेरिकेतील बेनब्रिज बेटावर जन्मलेला आणि मुंबईच्या सुनील वालावलकर यांच्या परिश्रमाने आपल्या देशात रुजलेला पिकलबॉल हा खेळ वाशीम जिल्ह्यातील धनजसारख्या गावीही अल्प खर्चात सुरू करता येईल, याविषयी मला तिळमात्र संदेह नाही. त्याचे मैदान बॅडमिंटनच्या दुहेरी मैदानाएवढेच, म्हणजे ४४ फूट लांब व २० फूट रुंद असते. तेव्हा ग्रामपंचायतीची रीतसर परवानगी घेऊन सिमेंटच्या एखाद्या सपाट पटांगणावर रेषा आखाव्यात आणि कडांना ३६ व मध्यभागी ३४ इंच उंच राहील अशी जाळी बांधावी, की निम्मी तजवीज झाली. फळीवजा बॅट आणि सच्छिद्र प्लास्टिकचा चेंडू, एवढेच साहित्य लागते. सर्व्हिस कमरेखालून, समोरच्या तिरप्या चौकटीत करावी. ती आणि तिचे पहिले उत्तर टप्पा पडल्यावरच टोलवावे. जाळीलगतच्या ७ फुटांच्या पट्ट्यात उभे राहून मात्र चेंडू अधांतरी मारू नये. प्रचलित पद्धतीत किमान २ गुणांच्या आघाडीने ११ गुण मिळवणारा पक्ष विजयी होतो. बाहुबलापेक्षा नजर आणि संयम यांचीच येथे अधिक कसोटी लागत असल्यामुळे आजोबा व नात एकाच बाजूने उभे राहू शकतात, आणि गावाच्या सामुदायिक जीवनाला याहून निर्मळ देणगी ती कोणती?