हरियालाचे पाय पिवळे असतात : दुर्बीण घेण्याआधी

मागच्या भागानंतर सगळ्यात जास्त मेसेज एकाच प्रश्नाचे आले. "पक्षी बघायला सुरुवात करायचीय, दुर्बीण कुठली घेऊ?" आधीच सांगतो, मी सॉफ्टवेअरवाला माणूस, भिंगांतला तज्ज्ञ नाही. पण जानेवारीत आमच्या पालीला आम्ही चार दुर्बिणी एकाच झाडावर लावून पाहिल्या. त्या सकाळी जे कळलं ते आज सांगतो. त्यात माझी एक मोठी चूकही कळली.

पाली म्हणजे बल्लाळेश्वराची पाली, सुधागड तालुका. डोक्यावर सरसगड, पलीकडे अंबा नदी. गडाच्या पायथ्याजवळ एक जुना पिंपळ आहे, थंडीत सकाळी त्याच्या शेंड्यावर हरियालांचा थवा ऊन खात बसतो. हरियाल हा आपला राज्यपक्षी. पण पानांत बसला की पानच होतो. वीस असले तर आधी तीन दिसतात.

तर मंडळी होती चार. मी, पुण्याहून माझ्याबरोबर आलेले ऑफिसातले दोघं, आणि बाबा. बाबा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेत. मी पहिल्या पगारातून दुर्बीण घेतली तेव्हापासून, मी घरी असलो की ते माझ्याबरोबर फिरतात.

दुर्बिणी अशा. माझी जुनी 10x50, पोरो प्रिझमची, म्हणजे ती खांदे पसरलेली पारंपरिक आकाराची. मित्रांच्या दोन निकॉन मोनार्क एम7, एक 8x42 आणि एक 10x42. आणि एका मित्राच्या काकांकडून एका दिवसाच्या बोलीवर आणलेली स्वारोव्स्की एनएल प्युअर 8x42. हिची किंमत दोन लाखांच्या पुढे. ती गळ्यात घालताना मित्र म्हणाला, "पडलास तर पाठीवर पड."

आता आकडे. 8x42 मधला 8 म्हणजे आठपट मोठं दिसणार. 42 म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. 42 ला 8 ने भागा, 5.25 येतात. दुर्बीण हातभर लांब धरून डोळ्याकडच्या भिंगात बघा, एक उजेडाचा छोटा गोल दिसेल. त्या गोलाचा व्यास तेवढा. 10x42 मध्ये तोच गोल 4.2 मिलिमीटर. उजाडताना आपली बाहुली मोठी झालेली असते, तेव्हा मोठा गोल म्हणजे जास्त उजेड डोळ्यात. भर दुपारी फरक कळत नाही. जंगलात पहाटे कळतो.

माझं ठरलेलं होतं, 10x42 च घ्यायची. एक्सेल शीट तयार, पैसे बाजूला काढलेले. दहापट म्हणजे आठपटीपेक्षा भारी, एवढं साधं गणित! पण दहापटीत आपल्या हाताचा थरथराटसुद्धा दहापट होतो. चढ चढून धापा टाकत दुर्बीण लावली की पक्षी नाचायला लागतो. शिवाय दिसणारा पट्टा आकसतो. हजार मीटरवर एम7 च्या 8x42 मधून 145 मीटर रुंदी दिसते, 10x42 मधून 121. एनएल प्युअरच्या 8x42 मधून 159. फांदीवरून फांदीवर उडणारा पक्षी शोधताना ही रुंदी फार उपयोगी पडते. खाडीवर, धरणावर, लांबचे बगळे-बदकं बघणाऱ्यांनी खुशाल दहापट घ्यावी. आमच्याकडच्या झाडीत आठपट बरी.

मग रंग. पांढऱ्या आकाशासमोर बसलेला पक्षी ही भिंगाची खरी परीक्षा. माझ्या जुन्या दुर्बिणीत हरियालाच्या कडेला जांभळी झालर दिसत होती. इतकी वर्षं मला वाटायचं, असंच दिसतं. एम7 मध्ये झालर जवळपास गेली. आणि एनएल प्युअर? खोटं कशाला बोलू, ती लावली आणि मी दोन मिनिटं गप्प झालो. कडेपर्यंत सगळं रेखीव. पण एम7 आणि तिच्यातला फरक हा माझ्या जुनीतल्या आणि एम7 मधल्या फरकापेक्षा लहान होता. किमतीतला फरक मात्र उलटा.

आता माझी चूक. एम7 चं 8x42 बाबांना दिलं. नेहमीसारखं त्यांनी डोळ्याला लावलं, म्हणाले, "हो, दिसला." मी सहज विचारलं, "पाय कुठल्या रंगाचे?"

बाबा गप्प.

मग म्हणाले, "अरे, मला यातून कधीच नीट दिसत नाही. काळं काळं येतं. मधे किल्लीच्या भोकाएवढं काहीतरी दिसतं."

"मग इतकी वर्षं 'दिसला, दिसला' का म्हणत होता?"

"तू एवढं हौसेने दाखवतोस. नाही कसं म्हणायचं?"

मंडळी, बाबांना चष्मा आहे. दुर्बिणीच्या भिंगापासून डोळा किती लांब असला तरी पूर्ण चित्र दिसतं, त्या अंतराला आय रिलीफ म्हणतात. चष्मेवाल्यांना ते साधारण 15 मिलिमीटर किंवा जास्त लागतं. माझ्या जुनीत ते 12 च्या आसपास. म्हणजे तिच्यातून चष्मा लावून पूर्ण दिसणं शक्यच नव्हतं. एम7 मध्ये 17.1 आहे, पण मी आयकप वर ओढलेलेच ठेवले होते! रोज लोकांचे बग शोधणारा मी, हा बग सात वर्षं घरात होता.

तर तुमच्या घरच्यांसाठी हे करा. चष्मा असेल तर आयकप फिरवून पूर्ण खाली. मग दोन्ही नळ्या बिजागरीवर जवळ-लांब करा, दोन गोलांचा एक गोल होईपर्यंत. मग उजवं भिंग झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचा फोकस लावा. नंतर डावं झाकून, मधल्या चाकाला हात न लावता, डायॉप्टरच्या कडीने उजव्याचा. बहुतेक दुर्बिणींत ती कडी उजवीकडे असते. साधा नंबर असेल तर चष्मा काढूनही फोकस जमतो. सिलिंड्रिकल नंबर असेल तर चष्मा ठेवाच, तो नंबर दुर्बीण भरून काढत नाही.

हे सगळं करून परत दिली. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हळूच, "अरे, पिवळे! पाय पिवळे आहेत याचे. हळदीत बुडवल्यासारखे." आणि थोड्या वेळाने, "आजी म्हणायची, हा पक्षी जमिनीला पाय लावत नाही. एवढे चांगले पाय कशाला मळवेल?"

मी शेवटी 8x42 घेतली, मधल्या किमतीतली. कोकणासाठी अजून एक अट, वॉटरप्रूफ आणि आत नायट्रोजन भरलेली हवी. नाहीतर पावसाळ्यात आतून वाफ धरते आणि पुढे भिंगाला बुरशी येते. घरी आल्यावर ओली दुर्बीण पिशवीत कोंडू नका. पुसा, वाळवा, मग सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर डब्यात.

आणि दुकानात जाल तेव्हा जो रोज तुमच्याबरोबर येतो त्यालाही घेऊन जा. त्याच्या डोळ्याला लावा, आणि "दिसला का?" असं विचारू नका. "काय दिसलं?" असं विचारा.

पुढच्या भागात किहीमला जाऊ. 1930 साली सलीम अलींनी तिथे सुगरणींच्या घरट्यांचा अभ्यास केला, त्याबद्दल बोलू. या वेळी बाबाही येणार आहेत माईकवर. दुर्बीण सध्या त्यांच्याकडेच असते.

भेटू. नमस्कार.