इंग्रजीतली जोडक्रियापदे आणि आपली मुले

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात इंग्रजीचे व्याकरण कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. पण विहारात दर रविवारी संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग भरतो, तिथे आम्ही मंडळी शिकवायला बसतो आणि एकच अडचण पुन्हा पुन्हा समोर येते. मुलगा बारावी झालेला असतो, मुलगी पदवीधर असते. 'पोस्टपोन' म्हणजे काय विचारा, पटकन सांगतील, पुढे ढकलणे. 'टॉलरेट' विचारा, सहन करणे. 'कॅन्सल', 'कंटिन्यू', 'इन्व्हेस्टिगेट' सगळे पाठ. आणि हेच अर्थ 'पुट ऑफ', 'पुट अप विथ', 'कॉल ऑफ', 'कॅरी ऑन', 'लुक इन्टू' अशा रूपात समोर ठेवले की वर्ग गप्प! गंमत अशी, की लंडनमधल्या पाच वर्षांच्या पोराचे नेमके उलटे असते. त्याला 'पुट ऑफ' कळते, 'पोस्टपोन' कळत नाही. आपल्याकडे इंग्रजी आले ते पुस्तकातून आणि परीक्षेतून. घरात, रस्त्यावर, दुकानात बोलले जाणारे इंग्रजी आपल्या कानावर पडलेच नाही. २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले, त्याआधी ते पाचवीला सुरू व्हायचे. वर्षे वाढली, पण पुस्तकी वळण फारसे सुटलेले नाही.

यात बिघडले काय, असे कुणी विचारील. वर्गातल्या एका मुलाला नोकरीच्या अर्जाचे उत्तर आले. अर्ज 'टर्न्ड डाऊन' झाला आहे, असे त्यात लिहिले होते. 'टर्न' म्हणजे वळणे, 'डाऊन' म्हणजे खाली. दोन्ही शब्द त्याला येत होते. अर्ज खालच्या कचेरीकडे वळवला असेल, असे समजून पोरगा दोन महिने वाट बघत राहिला. त्या दोन महिन्यांत दुसरीकडे अर्ज केला नाही. अर्ज नाकारला, एवढाच त्या पत्राचा अर्थ होता. तेव्हा ही नुसती मार्कांची बाब नाही, बरं का.

क्रियापद आणि त्याच्या मागे एक छोटा शब्द, अप, डाऊन, ऑन, ऑफ, इन, आऊट, यांची ही जोडी. इंग्रजीत तिला 'फ्रेजल व्हर्ब' म्हणतात. हे नाव रूढ केले लोगन पिअरसॉल स्मिथ या लेखकाने १९२५ साली, पण अडचण जुनीच. सॅम्युअल जॉन्सनचा प्रसिद्ध इंग्रजी कोश १७५५ साली निघाला. त्याच्या प्रस्तावनेत त्याने या जोड्यांचा मुद्दाम उल्लेख केला आणि परक्या माणसाला यांचाच सर्वांत जास्त त्रास होतो, असे नोंदवून ठेवले. म्हणजे तुम्ही अडखळता यात कमीपणा नाही. अडीचशे वर्षांपूर्वी खुद्द कोशकारालाच ते दिसले होते.

आणखी एक नमुना. सी. के. ऑग्डेन यांनी १९३० साली 'बेसिक इंग्लिश' नावाची सोपी इंग्रजी तयार केली. शब्द फक्त ८५० आणि त्यात क्रियापदे अवघी १८. मग बाकीची कामे कशी भागवायची? तर 'गो', 'कम', 'गेट', 'पुट', 'टेक' यांना छोटे शब्द जोडून. कागदावर शब्द कमी झाले खरे, पण आमच्या मते अडचण तिथून उठली आणि इथे येऊन बसली. शब्द पाठ करणे सोपे असते, जोडी ओळखणे अवघड.

आता खरी गोष्ट सांगतो. हा प्रकार मराठी माणसाला नवा नाहीच. 'बोलणे' हे क्रियापद घ्या. 'तो बोलून गेला' म्हणजे नकळत तोंडातून निघाले. 'बोलून बसला' म्हणजे बोलला आणि आता अडकला. 'बोलून टाकले' म्हणजे मन मोकळे केले. 'बोलून दाखवले' म्हणजे उघड म्हटले. यातला 'बसला' ऐकून एखाद्या साहेबाला वाटेल, माणूस बोलला आणि खुर्चीवर बसला! आपल्याला तसे वाटते का? नाही. आपण फोड करतच नाही, जोडीचा अर्थ एकदम घेतो.

छोट्या प्रत्ययाने सगळा अर्थ फिरतो, हेही आपल्याकडे आहेच. कुत्रा अंगावर येतो. केलेला उपद्व्याप अंगाशी येतो. देवी अंगात येते. 'अंग' तेच, 'येणे' तेच. वर, शी, त, एवढाच फरक. समोर बसलेल्या आजीबाईंना हे कुणी शाळेत शिकवले नाही, पण त्या यात कधी चुकणार नाहीत. कारण त्यांनी ते यादीतून पाठ केले नाही, प्रसंगातून उचलले. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी शिकल्या, तिचे ऋण मोठे आहे. पण शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करण्याची सवय या एका ठिकाणी आडवी येते.

आणि या जोड्या आपल्या घरात कधीच्या शिरलेल्या आहेत. दवाखान्यात 'चेकअप' होते. पोलीस 'लॉकअप'मध्ये टाकतात. दहावीच्या मुलांना 'सेंडऑफ' देतात. फलंदाज 'रनआऊट' होतो. गिरणी-कारखान्यातल्या माणसाला 'ले-ऑफ' शब्द कुणी शिकवावा लागला नाही, अंगावर आला तेव्हाच कळला. इथे जरा थांबतो, कारण हा शब्द पोटाशी निगडित आहे. आपल्या जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली जी भर पडली होती, तिच्यात ले-ऑफ म्हणजे नोकरी जाणे नव्हते. मालक तात्पुरते काम देऊ शकत नाही, कामगार हजेरीपटावरच राहतो आणि पात्र कामगाराला मूळ पगार व महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई मिळते. कायमचे काढणे म्हणजे कपात, तिचे नियम वेगळे. पण आज संगणक कंपन्यांच्या बातम्यांत 'लेऑफ' येतो तो अमेरिकी अर्थाने, म्हणजे माणूस घरीच बसला. शब्द एक, अर्थ दोन, आणि मधे एका कुटुंबाचा चरितार्थ. कागदावर सही करण्याआधी हा शब्द कुठल्या अर्थाने लिहिला आहे, ते विचारून घ्यावे.

तसाच 'पास आऊट'. आपल्याकडे सर्रास म्हणतात, 'मी अमुक साली पास आऊट झालो.' भारतात ते चालते, सगळ्यांना कळते. विलायतेत लष्करी किंवा पोलीस प्रशिक्षण पुरे करणाऱ्याला ते लागू होते, एरवी 'पास आऊट' म्हणजे बेशुद्ध पडणे. परदेशी साहेब मुलाखत घेत असेल तर 'ग्रॅज्युएटेड' म्हणावे. सरकारी कचेरीत 'फाईल पुट अप करा' म्हणजे सादर करा. बाहेरगावी 'पुट अप' होणे म्हणजे मुक्काम करणे. आणि 'पुट अप विथ' म्हणजे सोसणे. कचेरीत खेटे घालणाऱ्या माणसाला हे तिन्ही अर्थ एकाच दिवसात भेटू शकतात!

छोट्या शब्दांना स्वतःचा काही कल असतो, तो ओळखला की ओझे हलके होते. 'अप' पुष्कळदा काम पुरते संपवतो. 'ईट अप', 'यूज अप', म्हणजे आपले 'खाऊन टाक', 'वापरून टाक'. 'ऑन' चालू ठेवतो, 'गो ऑन', 'कॅरी ऑन', 'कीप ऑन'. फोनवर 'होल्ड ऑन' म्हणतात तेही तेच, धरून राहा, ठेवू नका. 'आऊट' लपलेले उजेडात आणतो, 'फाईंड आऊट', 'पॉईंट आऊट', 'वर्क आऊट'. सगळीकडे हा नियम लागत नाही, म्हणून त्याला कल म्हटले. 'टेक ऑफ' विमानाचे असते, चपलांचे असते आणि रजेचेही असते, तिथे वाक्यच उपयोगी पडते. बसमध्ये आणि ट्रेनमध्ये 'गेट ऑन', उतरताना 'गेट ऑफ'. रिक्षात, मोटारीत 'गेट इन' आणि 'गेट आऊट'. ज्यात उभे राहून चालता येते तिथे 'ऑन', ज्यात वाकून बसायचे तिथे 'इन', असे साधारण धरावे. सकाळी 'वेक अप' म्हणजे जाग येणे, 'गेट अप' म्हणजे अंथरूण सोडणे. कॉलेजच्या मुलांना हा फरक चांगला ठाऊक असतो, असे त्यांच्या आया सांगतात.

बोलताना एक जागा सांभाळावी. 'टर्न ऑफ द लाईट' म्हणा किंवा 'टर्न द लाईट ऑफ' म्हणा, दोन्ही बरोबर. पण 'लाईट'च्या जागी 'इट' आला की तो मधेच बसतो, 'टर्न इट ऑफ'. 'टर्न ऑफ इट' चालत नाही. मात्र 'लुक आफ्टर हर' असेच राहते, तिथे 'हर' मधे जात नाही. हे कानाने ओळखता येते. 'टर्न ऑफ'मध्ये जोर 'ऑफ'वर पडतो, 'लुक ॲट'मध्ये 'लुक'वर. म्हणून मनात वाचू नका, मोठ्याने वाचा. शेजारी हसले तर हसू द्या.

किती शिकायचे? १९८९ साली कॉलिन्सने नुसत्या जोडक्रियापदांचा कोश काढला, त्यात तीन हजारांच्या वर नोंदी आहेत. तो बघून घाबरू नका. २००७ साली गार्डनर आणि डेव्हिस या दोन अभ्यासकांनी दहा कोटी शब्दांचा ब्रिटिश इंग्रजीचा साठा तपासला, तेव्हा नुसत्या १०० जोड्यांनी निम्म्याहून जास्त जागा भरल्याचे दिसले. मात्र त्यातल्या एकेका जोडीला सरासरी पाचाहून अधिक अर्थ निघाले. म्हणून बाजारात मिळणारी 'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी' छापाची पुस्तके आम्ही वर्गात घेत नाही. यादीतला एक शब्द, समोर एक अर्थ, या पद्धतीने हे काम होत नाही.

आमच्या वर्गाची रीत साधी आहे. दोनशे पानी वही, पण एबीसीडीप्रमाणे नाही. एकेका छोट्या शब्दाला आठ-दहा पाने. जोडी जिथे भेटली तिथले अख्खे वाक्य उतरवायचे, मग ते पत्रातले असो, दुकानाच्या पाटीवरचे असो, क्रिकेटच्या समालोचनातले असो की मोबाईलवर आलेले असो. खाली मराठी अर्थ आणि त्याखाली आपल्या घरातले एक वाक्य. आठवड्याला पाच जोड्या, जास्त नाही. पुढच्या रविवारी त्या पाच जोड्या धाकट्या भावंडाला शिकवून यायचे. ज्या आईला इंग्रजी येत नाही तिने नुसते ऐकायचे, आणि मुलगा अडखळला की 'पुन्हा म्हण' सांगायचे.

पुढच्या रविवारी 'ऑफ'ची पाने सुरू होतील. ज्यांच्या घरी एखादे न उलगडलेले इंग्रजी पत्र, नोटीस किंवा करारनामा पडून असेल त्यांनी ते घेऊन यावे. त्यातलीच वाक्ये फळ्यावर घेऊ. नाव-पत्ता झाकून घेऊ, काळजी नसावी.