सनदांपासून सुरक्षा परिषदेपर्यंत
(इतिहास परिषद, भिवंडी : स्वागताध्यक्षीय भाषण)



भिवंडीची ओळख आज यंत्रमागांमुळे देशभर आहे. पण आजच्या विषयाशीही या मुलखाचे जुने नाते आहे. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि स्वराज्याची हद्द वसईच्या पोर्तुगीजांना जाऊन भिडली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा इथला पोर्तुगीज अध्याय मिटला असे आपण सहज मानतो. प्रत्यक्षात अविभाजित ठाणे जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेली नगर हवेली १९५४ पर्यंत त्यांच्याच अमलाखाली होती. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धानंतर जगाची दोन गटांत जी वाटणी झाली, तिची झळ आपल्या दाराशीच लागली होती. पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्याच्या प्रश्नाने त्या काळाबद्दल एक गोष्ट शिकवली: बाजू न्यायाची आहे एवढ्यावर महासत्ता पाठीशी उभ्या राहत नाहीत, ती बाजू रस्त्यावर, न्यायालयात आणि जगाच्या चावडीवर चिकाटीने सिद्ध करावी लागते.

पुरावा पाहा. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात नागरी स्वातंत्र्याची हाक दिली. पुढच्याच वर्षी इंग्रज गेले. पोर्तुगीज मात्र हलले नाहीत. १९४९ मध्ये पोर्तुगाल ‘नाटो’चा संस्थापक सदस्य झाला. अटलांटिक महासागरातील त्याच्या अझोर्स बेटांवरचा हवाई तळ अमेरिकेला हवा होता. फेब्रुवारी १९५० मध्ये भारताने वाटाघाटींचा प्रस्ताव दिला, तो लिस्बनने धुडकावला. १९५१ मध्ये पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीने घटना बदलून वसाहतींना ‘सागरापारचे प्रांत’ ठरवले. अखेर १९५३ मध्ये भारताने लिस्बनमधील वकिलात बंद केली. १९५५ च्या अखेरीस सोव्हिएत नेते बुल्गानिन आणि ख्रुश्चेव्ह भारतात आले आणि त्यांनी गोव्याबाबत भारताची बाजू घेतली. लगेच अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री कुन्या यांच्यासह काढलेल्या निवेदनात या वसाहतींचा उल्लेख ‘पोर्तुगीज प्रांत’ असा केला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला गोव्यात शिरलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या होत्या, वीसहून अधिक जण हुतात्मा झाले होते. त्या रक्ताचे मोल या निवेदनात कुठेच नव्हते.

यावर आक्षेप घेतला जातो, आणि तो हलका नाही. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्याने दोन दिवसांत गोवा मुक्त केला, ते काम चौदा वर्षे आधी का केले नाही? मधला काळ नेहरूंच्या भिडस्तपणात वायाच गेला ना? सत्याग्रहींनी सोसलेल्या लाठ्या आणि तुरुंगवास आठवला की हा प्रश्न मनाला बोचतो, आणि दिरंगाईची किंमत गोमंतकीयांनी मोजली हे मान्य केलेच पाहिजे. तरीही तो काळ रिकामा नव्हता. १९५४ मध्ये आझाद गोमंतक दल, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक, युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स आणि कम्युनिस्ट कार्यकर्ते यांनी दादरा-नगर हवेली मुक्त केली. पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला आणि आपला मालकी हक्क थेट पेशवाईच्या कागदांवर उभा केला: १७७९ चा पुण्याचा तह आणि १७८३ व १७८५ च्या सनदा. महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड यांच्या नेतृत्वाखाली भारताने तेच कागद उलटून दाखवले. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने म्हटले की मराठ्यांनी दिला तो बारा हजार रुपयांचा महसूल, सार्वभौमत्व नव्हे. पुढे इंग्रजांनी पोर्तुगीजांचे सार्वभौमत्व मानले, हेही न्यायालयाने नोंदवले आणि नागरी वाहतुकीपुरता भारतीय हद्दीतून वाटेचा हक्क मान्य केला. मात्र सशस्त्र सैन्य आणि शस्त्रे नेण्याचा हक्क साफ नाकारला. पुणे दरबारचे दप्तर विसाव्या शतकात एका युरोपीय सत्तेचा दावा पारखायला कामी आले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने गोवा हा पोर्तुगालचा प्रांत नसून अस्वशासित प्रदेश आहे, असे जाहीर केले.

दुसरा आक्षेप असा, की शेवटी तारले ते सोव्हिएत नकाराधिकाराने, म्हणजे पुन्हा महासत्तेच्या मर्जीनेच. १८ डिसेंबर १९६१ रोजी सुरक्षा परिषदेत युद्धबंदीच्या ठरावाच्या बाजूने सात आणि विरोधात चार मते पडली. नकाराधिकार नसता तर ठराव संमत झाला असता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या चार मतांत सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक यांची तीन मते होती. ही मते गटाच्या शिस्तीची नव्हती. वसाहतवादाला विरोध करणाऱ्या आशियाई-आफ्रिकी देशांची होती. १९४७ मध्ये ती सगळी मिळाली नसती, कारण सिलोन तेव्हा स्वतंत्रच नव्हता. नकाराधिकाराने एक ठराव रोखला; पाठीशी नैतिक बळ उभे केले ते चौदा वर्षांच्या खटाटोपाने.

म्हणून या परिषदेकडून माझी मागणी आहे. दादरा-नगर हवेलीच्या मुक्तीचे श्रेय कोणाचे, यावर पक्षापक्षांत आजही हमरीतुमरी होते. ती मिटवायची तर प्रत्येक गटाची पत्रे, तुरुंगातल्या नोंदी, त्या वेळची मराठी वृत्तपत्रे आणि मोडी दप्तरे एकत्र मांडून वाचली पाहिजेत. हेगमध्ये जुना मराठी कागद कामी आला, कारण तो कुणीतरी जपला होता आणि वाचणारेही तयार होते. सत्याग्रहींच्या घराघरांतले कागद आता वाळवीच्या तोंडी आहेत. ते वाचवण्याचे काम तरुण अभ्यासकांनी इथून जाताना अंगावर घ्यावे.