प्रबंधाचा प्रश्न आणि गावाचा बांध

सामाजिक शास्त्रांतील प्रबंधाचा आरंभ विषयाच्या विस्ताराने नव्हे, तर प्रश्नाच्या नेमकेपणाने होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्याने पदवीच्या चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्सची सोय केली व प्रबंधास १२ श्रेयांक दिले. या एका वर्षात 'गोव्यातील शेती' हा विषय आवाक्यात येणार नाही. 'अमुक गावातील खाजण शेतीच्या बांधाची निगा कोण राखतो?' हा प्रश्न मात्र पेलण्याजोगा आहे.

पूर्वी हे काम कोमुनिदाद, म्हणजेच गावकारी, पाहत असे. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ते कूळ संघटनांकडे आले. इतके दप्तरातून कळते. मानशीचे दार मोडल्यावर प्रत्यक्षात कोण धावून जातो, हे बांधावर गेल्यावाचून कळत नाही. दप्तर आणि मुलाखत यांत विसंगती आढळल्यास ती झाकू नये. संशोधनाचे मर्म बहुधा तेथेच असते.

माहिती देणाऱ्याची संमती घ्यावी, त्याचे नाव गुप्त राखावे. शिक्षकांनी प्रश्नास मर्यादा घालून द्यावी, कार्यालयांनी दप्तर दाखवावे, ग्रामस्थांनी मोकळेपणाने बोलावे. बांध फुटला की खारे पाणी शेतात शिरते व पीक बुडते. म्हणूनच पूर्ण झालेला प्रबंध गावात, गावाच्या भाषेत, वाचून दाखविला गेला पाहिजे.