लहान बांध्याची खूण

डुकराचें नांव काढतांच अनेक घरांत नाकाला पदर लागतो. परंतु वैद्यकाच्या प्रयोगशाळेंत या प्राण्याला मोठा मान आहे. त्याचें हृदय, त्याची त्वचा व त्याची पचनसंस्था माणसाशीं पुष्कळ जुळती आहे. अडचण आकाराची. शेतावरचें पूर्ण वाढलेलें डुक्कर दोनशें किलोंहूनही अधिक भरतें. त्याला जागा मोठी लागते आणि औषधाची मात्राही मोठी.

ही अडचण दूर करण्यासाठीं अमेरिकेंत मिनेसोटा येथें १९४९ सालीं लहान बांध्याच्या डुकरांची पैदास सुरू झाली. पुढें १९६० नंतरच्या दशकांत जर्मनींतील गटिंगेन विद्यापीठानें त्या वाणाचा मोठ्या पोटाच्या लहानखोर व्हिएतनामी डुकराशीं संकर केला आणि त्वचा पांढरी यावी म्हणून जर्मन लँडरेस वाणाचीही त्यांत भर घातली. हें गटिंगेन डुक्कर पूर्ण वाढल्यावरही सुमारें ३५ ते ४५ किलोंचेंच राहतें.

हें सारें काम तराजूच्या आधारें झालें. लहान नर-माद्या निवडाव्या, त्यांचीं पिलें वाढूं द्यावीं, त्यांतून पुन्हां लहान तेवढीं ठेवावीं. पिलाची वाढ पुरी होईपर्यंत वाट पाहणें आलें. निवड चुकली कीं तेवढा काळ फुकट.

२०१२ सालीं डुकराच्या आनुवंशिक मजकुराचा आराखडा प्रसिद्ध झाला आणि निराळी वाट मोकळी झाली. डुकराच्या पेशींत गुणसूत्रांच्या १९ जोड्या असतात व त्यांवर चार रासायनिक अक्षरांत हा मजकूर लिहिलेला असतो. लहान आणि मोठ्या वाणांचे मजकूर शेजारीं ठेवून वाचले, म्हणजे कांहीं ठिकाणीं अक्षर बदललेलें आढळतें. जो बदल लहान बांध्याबरोबर नेमानें येतो, ती खूण. एचएमजीए-२, पीएलएजी-१, एलसीओआरएल अशा रुक्ष नांवांच्या जनुकांचा डुकराच्या आकारमानाशीं संबंध आढळला आहे. अशा खुणा हातीं असल्या, तर नुकत्याच जन्मलेल्या पिलाच्या कानाच्या कणभर तुकड्यावरून त्याच्या वाढीचा अंदाज बांधतां येतो.

मात्र खूण म्हणजे कारण नव्हे. दारचा पिंपळ पाहून घर ओळखतां येतें. म्हणून घर पिंपळानें बांधलेलें नसतें. पुष्कळ खुणा खऱ्या जनुकाच्या केवळ शेजारी असतात. कांहीं पिढ्यांनीं तो शेजार मोडला कीं त्या फसवितात. शिवाय देहाचें माप अनेक जनुकें मिळून ठरवितात, आणि आहाराचाही त्यांत वांटा असतो.

खरें कारण कळणें किती मोलाचें, हें जानेवारी २०२२ मध्यें दिसलें. अमेरिकेंत बाल्टिमोर येथें ५७ वर्षांच्या एका रुग्णाच्या छातींत डुकराचें हृदय बसविण्यांत आलें. त्यापूर्वीं बबून वानरांवरील प्रयोगांत असें हृदय परक्या देहांतही डुकराच्याच मापानें वाढत राही, आणि तें प्राणावर बेते. म्हणून या वेळीं वाढीच्या संप्रेरकाचा निरोप स्वीकारणारें जनुक त्या डुकरांत आधींच निकामी केलेलें होतें. रुग्ण सुमारें दोन महिने जगला.

माणसाच्या छातींत जागा थोडी. तेथें परक्या जिवाचें हृदय मापांत राहावें, यासाठींही ही एकेका अक्षराची तपासणी चालली आहे.