अभ्यासक्रम आणि गांवची विहीर

विद्यापीठांतील तरुणानें लोकांच्या उपयोगीं पडावें, या विचाराला विरोध करणारा गृहस्थ सांपडणें कठीण. मतभेद आहे तो पुढेंच. अभ्यासांतून वेळ उरला तर सेवा करावयाची, कीं सेवेचें काम हाच अभ्यास मानावयाचा?

१९६९ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेनें पहिला मार्ग धरला. तिच्यामुळें असंख्य शहरी मुलांनीं प्रथमच खेडें पाहिलें, हें तिचें ऋण मान्य केलेंच पाहिजे. परंतु शिबिरांत स्थापत्य शिकणारा आणि इतिहास शिकणारा दोघेही सारखींच घमेलीं उचलतात. वर्गांत मिळविलेल्या विद्येची तेथें फारशी विचारपूस होत नाहीं.

दुसऱ्या मार्गाचें जुनें उदाहरण मुंबईंतच आहे. १९३६ सालीं क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या संचालकत्वाखालीं नागपाड्यास सर दोराबजी टाटा यांच्या नांवाची समाजकार्याची शाळा निघाली. पुढें तीच टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाली. तेथें वस्तींतील काम हें व्याख्यानांइतकेंच शिक्षणाचें अंग ठरलें. समाजकार्याच्या शाळेला हें साधलें यांत नवल नाहीं. यंत्रशास्त्राला तें साधेल काय, ही खरी कसोटी होती; आणि पवईच्या आय. आय. टी.मध्यें १९८५ सालीं स्थापन झालेल्या 'सितारा' केंद्रानें ती पत्करली. तेथील विद्यार्थी गांवांत राहून गांवचाच प्रश्न अभ्यासाला घेतात.

रायगड जिल्ह्यांतील कर्जत तालुक्यासारखा प्रदेश डोळ्यांपुढें आणावा. पाऊस तीन हजार मिलिमीटरांहून अधिक. तरी उन्हाळ्यांत कित्येक वाड्यांच्या विहिरी तळ गांठतात आणि बायकांच्या डोक्यावर हंडे चढतात. नळयोजना असली तरी पाणी अडतें कोठें? टांकीची उंची, नळाचा व्यास, हें गणित पुस्तकांत सांपडतें. थकलेलें वीजबिल मात्र पुस्तकांत नसतें, आणि पंप बहुधा त्यानेंच बंद पडतो! कोणत्या घरीं पाणी सर्वांत शेवटीं पोहोंचतें, हें तेथें वर्षानुवर्षें काम करणाऱ्या सेवाभावी संस्थेच्या कार्यकर्त्यालाच ठाऊक असतें. विद्यार्थी परतल्यावर मागें राहणाराही तोच.

अडचण येते ती पंचांगाची. विहीर आटते चैत्र-वैशाखांत, आणि परीक्षाही नेमक्या त्याच सुमारास! सत्र चार-पांच महिन्यांचें, योजना कांहीं वर्षांची. गुण पदरांत पडतांच विद्यार्थी निघून जातो, इंग्रजी अहवाल कपाटांत बसतो. आणि ज्या बाईनें मजुरी बुडवून प्रश्नांचीं उत्तरें दिलीं, तिला पुढच्या वर्षीं नव्या मुलांना तींच उत्तरें द्यावीं लागतात. हा व्यवहार एकतर्फी झाला.

त्यावर उपाय अवघड नाहींत. नव्या तुकडीनें जुन्या तुकडीच्या मोजमापापासून आरंभ करावा. अहवाल ग्रामसभेंत मराठींतून वाचला जावा, त्यावर गांवानें हरकती घ्याव्यात. आणि त्या हरकतींना उत्तर दिल्यावांचून प्राध्यापकांनीं विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेवर सही करूं नये.